पानं, बिया, खडे आणि चांदी: गावात दागिने घडवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

विदर्भातल्या गावांत चांदीकाम शिकणारे आणि असा दागिना विकत घेणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. मापं मिलिमीटर आणि ग्रॅममध्ये आहेत. चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून रुपये लिहिलेले नाहीत, वजन लिहिलं आहे.

निसर्गावरून दागिना म्हणजे पान-फूल काढलं की झालं का?

नाही. मराठी दागिन्यांची नावंच बघा: बोरमाळ, जोंधळी पोत, जवमणी, बकुळीहार, चाफेकळी. शेतातला दाणा किंवा झाडाचं फूल त्यांत आहे, पण हुबेहूब नक्कल नाही. दाण्याचा फुगीरपणा आणि त्याची दाटी तेवढी उचललेली आहे. जोंधळ्याच्या दाण्यावरची कुसळं मण्यावर आणली असती तर पोत गळ्याला टोचली असती.

आपल्या भागातले कितीतरी आकार अजून दागिन्यात फारसे आलेले नाहीत. पऱ्हाटीचं (कपाशीचं) उमललेलं बोंड घ्या, तुरीची शेंग घ्या, मोहाचं फूल घ्या. बाभळीच्या शेंगेत तर मण्यांची माळ आयतीच आहे. हातात घेऊन बघा: ती जाड कुठे, पातळ कुठे, देठ कुठून निघतो. पातळ भाग धातूत आधी वाकतो आणि टोक पदराला अडकतं. पळसाच्या पाकळीची चोच सुंदर दिसते, पण ती गोल केल्याशिवाय अंगावर घालता येत नाही.

आधी डिझाइन काढायचं की आधी खडा घ्यायचा?

आधी खडा, नेहमी. कागदावर १८ × १३ मिमीचा अंडाकृती खडा काढून बाजारात गेलात, तर त्या मापाचा मिळेल तो घ्यावा लागतो आणि बहुतेक वेळा तो निर्जीव निघतो. खडा हातात असेल तर त्याच्या रेषा कोणत्या दिशेला जातात, डाग कुठे आहे, कोणती कड कच्ची आहे हे दिसतं. मग चांदी त्याप्रमाणे वळवता येते. चांदी पुन्हा आटवता येते, खडा एकदा फुटला की गेला. या पानावरची बाकी बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीपाशी येतात.

विदर्भात कोणते खडे मिळतात?

पश्चिमेकडे, म्हणजे बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती आणि यवतमाळच्या मोठ्या भागात, काळा कातळ आहे. तो दख्खनच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर बसले आणि अकीक, गारगोटी, स्फटिक तयार झाले. कातळ झिजून माती होते, पण अकीक टिकतो. म्हणून नाल्याच्या रेतीत आणि नांगरलेल्या वावरात तो सुटा सापडतो. बाहेरून खडबडीत, मातकट. ओला केला की रेषा दिसतात.

त्याच पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइटही असतात. ते दिसायला देखणे, पण मऊ. पेंडंटमध्ये चालवून घेता येतील, अंगठीत नको.

पूर्वेकडे, नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूला, खडक जुने आणि वेगळे आहेत. तिथे मँगनीजच्या खाणी आहेत, भंडारा जिल्ह्यात कायनाइट आहे. कायनाइटची निळाई मोह घालते, पण त्याचा कठीणपणा (१ ते १० च्या मोहस मापावर) लांबीच्या दिशेने साधारण ४.५ ते ५ आणि आडव्या दिशेने ६.५ ते ७ असतो, शिवाय तो चिपांत सुटतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. माणिक, नीलम, पाचू इथले नाहीत. ते बाहेरूनच येतात, बहुतेक जयपूरच्या बाजारातून.

अकीकाचं काम इथे नवं नाही. नागपूरजवळच्या माहुरझरी इथे महापाषाणयुगातली शिळावर्तुळं आहेत आणि तिथल्या उत्खननात अकीक व लाल अकीकाचे मणी मिळाले. ते मणी घडवण्याचं केंद्र होतं.

सापडलेला दगड कामाचा आहे हे कसं ओळखायचं?

तीन चाचण्या घरीच होतात. पहिली, पोलादी चाकूचं टोक जोर देऊन ओढा. ओरखडा उठला तर दगड मऊ. अकीकाचा कठीणपणा ६.५ ते ७ असतो, त्यामुळे चाकूच झिजून करडी रेघ उमटते. ती रेघ बोटाने पुसली जाते, तिला ओरखडा समजू नका. दुसरी, लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट. तिसरी, दगड ओला करून उन्हात धरा आणि हळूहळू फिरवा. आत आरशासारखी चमकणारी रेघ दिसली तर ती भेग आहे, आणि घासताना दगड तिथेच उकलेल.

कुठूनही दगड उचलले तर चालतात का?

नाही. राखीव जंगल, व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यातून दगड, बी, पीस काहीही आणू नका. लोणारचं सरोवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतही (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आहे, तिथला खडा शोभेलाही नको. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. त्या भागात दगड झालेलं लाकूड दिसलं तर जिथल्या तिथे राहू द्या. स्वतःच्या वावरातले, किंवा मालकाला विचारून त्याच्या वावरातले सुटे दगड पेंडंट-मण्यांपुरते पुरेसे होतात. विकण्यासाठी खोदून काढायचे असतील तर गौण खनिजाचे नियम लागतात, तहसील कार्यालयात आधी विचारा.

वाघनख, हस्तिदंत, खवल्या मांजराचे खवले यांची खरेदी-विक्री हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ‘आजोबांच्या वेळचं आहे, नुसतं चांदीत बसवून द्या’ असं कोणी म्हटलं तरी काम घेऊ नका.

खडा घरी घासता येतो का? काय लागतं?

येतो, पण पाण्याशिवाय कधीच नाही. अकीकाच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि त्याला उतार नाही. गुजरातेत खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणात आढळला आहे. चाकावर पाण्याची धार हवी आणि नाका-तोंडावर एन-९५ मास्क हवा. कामाची जागा झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. धूळ वाळून उडते तेव्हाच ती नाकात जाते. घरात लहान मूल असेल तर हे काम पडवीतसुद्धा नको, वेगळी जागा करा.

पायऱ्या अशा: ५ ते ६ मिमी जाडीची चकती कापून घ्या. त्यावर ॲल्युमिनियमच्या तारेच्या टोकाने आकार आखा, ही रेघ पाण्याने पुसली जात नाही. रेषेच्या बाहेर १ ते २ मिमी सोडून कडा काढा. मग चकती आणि काडी दोन्ही किंचित कोमट करून लाखेने चिकटवा. थंड दगडावर लाख धरत नाही, नेमकं घासताना सुटते. आता ८० किंवा १०० नंबरच्या चाकावर घुमट काढा, मग २२०, मग ४००, ६०० आणि १२०० नंबरचा ओला कागद. शेवटी चामड्यावर सेरियम ऑक्साइड (चमक आणणारी पूड).

चमक आली नाही तर दोष चामड्याचा नसतो. २२० नंबरचे ओरखडे राहिलेले असतात आणि ते ओल्या दगडावर दिसत नाहीत. प्रत्येक नंबरानंतर खडा पूर्ण कोरडा करून उजेडात तिरपा धरा. एक जरी ओरखडा दिसला तरी मागच्या नंबरावर जा.

पिवळसर अकीक भाजून लाल करतात, ते खरं आहे का?

खरं आहे, आणि ती फसवणूक नाही. दगडातल्या लोहाच्या पिवळ्या संयुगातलं पाणी उष्णतेने निघून जातं आणि लाल ऑक्साइड उरतो. आधी दगड बरेच दिवस उन्हात वाळवायचे. इथला एप्रिल-मे त्यासाठी उत्तम. मग मडक्यात राखेत पुरून गोवऱ्यांच्या मंद आचेवर तापवायचे आणि राख पूर्ण निवेपर्यंत हात लावायचा नाही. घाईने काढलेला दगड तडकतो. लोह नसलेला करडा अकीक कितीही भाजला तरी लाल होत नाही.

चांदी किती टंचाची (शुद्धतेची) घ्यावी?

पत्रा आणि तारेसाठी ९२५. म्हणजे १०० ग्रॅम शुद्ध चांदीत ८.१ ग्रॅम तांबं. कोंदणाच्या (खडा धरून ठेवणाऱ्या घराच्या) पट्टीसाठी मात्र शुद्ध चांदी, कारण ती मऊ असते आणि खड्यावर सहज वळते. ९२५ ची पट्टी वळवायला जोर लागतो आणि तोच जोर खड्याच्या कडेला टवका पाडतो.

आजीचे जुने तोडे आटवून नवा दागिना करता येईल?

येईल, पण आधी टंच तपासून घ्या. जुन्या दागिन्यांत झाळ (जोड लावण्यासाठी वितळवलेला धातू) भरपूर असते आणि झाळेत जस्त असतं, काही झाळांत कॅडमियमही. कॅडमियमचा धूर विषारी असतो, म्हणून आटणी मोकळ्या हवेतच. अशा मिश्र चांदीचा पत्रा ओढला की कडांना चिरा पडतात. ती ओतीव कामाला वापरा किंवा शुद्ध करून घ्या. आणि मोडण्याआधी तोडे एकदा नीट बघा. जुनी घडण हाताची असेल तर आटवण्यापेक्षा दुरुस्ती बरी.

पानाच्या शिरा चांदीवर उमटवतात, ते कसं?

पान दोन पत्र्यांमध्ये ठेवून रोलर मशीनमधून काढतात. सगळं यश पानाच्या ओलीवर अवलंबून असतं. ताजं पान चिरडून हिरवा चिखल होतो आणि ठसा फुटतो. पार कडक झालेल्या पानाचा भुगा होतो. वर्तमानपत्रात दाबून असं वाळवा की वाकवलं तर वाकेल, पण बोटाला ओल लागणार नाही. आपट्याचं कोवळं पान आणि कडुनिंबाची पाती चांगली उमटतात. पिंपळाच्या पानाची जाळी सर्वांत उत्तम. त्यासाठी पान पाण्यात काही आठवडे भिजू द्यायचं आणि मऊ ब्रशने गर काढायचा. घाई असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळा. जाड, रसाळ पान घेऊ नका.

पत्रा ०.८ मिमी जाड, ४० × ३० मिमी घ्या. त्याचं वजन साधारण १० ग्रॅम भरतं. त्याला ताव द्या, म्हणजे मऊ होण्यासाठी तापवा: अंधाऱ्या जागी फिकट गुलाबी-लाल दिसला की आच काढा. लालभडक होऊ दिला तर कण मोठे होऊन पत्रा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. मग आम्लाच्या पाण्यात (प्रमाण खाली दिलं आहे) बुडवून धुवा आणि पूर्ण वाळवा. ओल राहिली तर रोलरला गंज चढतो आणि तो गंज पुढच्या प्रत्येक पत्र्यावर उमटतो.

आता थर लावा: खाली ताव न दिलेला पितळी पत्रा, त्यावर चांदी, त्यावर शिरा चांदीकडे करून पान, वर पुन्हा पितळ. रोलर इतका आवळा की हे सगळं तोंडाशी अडकेल, मग आणखी पाव फेरा. हँडल दोन्ही हातांनी जोर लावून फिरलं पाहिजे. मध्ये थांबू नका, थांबलात की तिथे आडवी रेघ कायमची पडते. एकाच फेरीत काढा. दुसऱ्यांदा घातलं तर शिरा दुहेरी उमटतात.

पत्रा या फेरीत लांबतो, म्हणून पानही थोडं लांबट दिसतं. गोलसर पान हवं असेल तर ते आडवं ठेवा. चिकटलेले तंतू खरवडू नका, बर्नरने जाळून टाका.

रोलर मशीन स्वतःचं असायलाच हवं असं नाही. तालुक्याच्या गावी पत्रा ओढून देणाऱ्या सोनाराकडे असतं. पत्रे आणि पानं तयार करून न्या. ऐरणीवर हातोडीने ठोकून असा ठसा निघत नाही, निघतो तो अर्धवट.

कोंदणाची पट्टी किती लांब कापायची?

अंडाकृती खड्याची लांबी आणि रुंदी यांची सरासरी घ्या, त्यात पट्टीची जाडी मिळवा आणि ३.१४ ने गुणा. १८ × १३ च्या खड्याला ०.३ मिमीची पट्टी असेल तर १५.८ गुणिले ३.१४, म्हणजे ४९.६. कापताना ५० मिमी कापा आणि खड्याभोवती गुंडाळून खूण करून घ्या. वावरातल्या दगडाचा आकार वेडावाकडा असेल तर हिशेब सोडा आणि थेट गुंडाळूनच मापा.

उंची खड्याच्या घुमटावर ठरते. ५ मिमी उंच खड्याला साधारण ३ मिमी पुरते. पट्टी खड्याचा खांदा ओलांडून थोडीशीच वर यायला हवी. जास्त उंच ठेवली तर वळवताना चुण्या पडतात, कमी ठेवली तर खडा उडी मारतो.

बसतो का हे पाहताना खड्याखाली रेशमी दोरा आडवा ठेवा. नाहीतर खडा कोंदणात रुततो आणि बाहेर निघता निघत नाही. ही छोटी गोष्ट विसरल्यामुळे फार खडे फुटतात.

झाळ, घासणं आणि काळं करणं सगळं आटोपल्यावरच खडा बसवायचा. अकीक एकदम तापला की तडकतो, मोती आणि फिरोजा तर आचेच्या जवळही नकोत. बसवताना पट्टी समोरासमोर दाबा: आधी वर-खाली, मग डावी-उजवी, मग मधले कोपरे. एकाच बाजूने फिरत गेलात तर सगळी जादा पट्टी शेवटच्या कोपऱ्यात जमते आणि तिथे घडी पडते. शेवटी गुळगुळीत पोलादी ओपणीने (घासून चमक आणायच्या हत्याराने) कड घासून घ्या.

झाळ वितळते पण जोडात जात नाही. का?

तीन कारणं. जोड मळका असतो, जोडात फट असते, किंवा आच चुकीच्या जागी असते. झाळ फट भरत नाही, दोन कडा एकमेकींना टेकलेल्या असतील तरच धावते. आणि ती उष्णतेकडे धावते. बर्नर पट्टीवर धरलात तर पातळ पट्टी वितळून बसते आणि खालचा जाड पत्रा थंडच राहतो. आच खालच्या पत्र्याला सगळीकडून द्या. सवागी (जोडाला लावलेला टाकणखार) आधी फुगते, मग बसते, मग काचेसारखी होते. त्यानंतर थोड्याच वेळात झाळेची चमकती रेघ जोडातून पळताना दिसते. ती दिसली की आच लगेच काढा. जास्त वेळ ठेवली तर जोडात बारीक भोकं पडतात.

पट्टीचा जोड कडक झाळेने, पट्टी-पत्र्याचा मध्यम झाळेने, पेंडंटची कडी मऊ झाळेने. क्रम उलटा झाला की कडी लावताना कोंदण सुटतं. एक सूचना: घरगुती गॅस सिलिंडर धंद्यासाठी वापरणं नियमात बसत नाही, व्यावसायिक सिलिंडर घ्या.

आम्लाच्या पाण्यातून चांदी गुलाबी होऊन निघते. खराब झाली का?

नाही. लोखंडी चिमटा पाण्यात बुडवला की पाण्यात विरघळलेलं तांबं चांदीवर चढतं. तांब्याचा किंवा बांबूचा चिमटा वापरा. पाण्यासाठी एक लिटरला १०० ग्रॅम लिंबूसत्त्व पुरतं, कोमट ठेवायचं. गंधकाचं आम्ल वापरत असाल तर नेहमी पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी कधीही नाही.

करडे-जांभळट ढग राहिले असतील तर ते वेगळं आहे. ९२५ मधलं तांबं आतून जळलेलं असतं. ते घासूनच जातं. पुढच्या वेळी ताव देण्याआधी सगळ्या पृष्ठभागाला सवागी लावा.

मे महिन्यात मेण आणि राळ हाताला चिकटतात. काय करावं?

मेणाचं काम सकाळी लवकर उरकून घ्या, जवळ थंड पाण्याचं भांडं ठेवा. उठावकामाच्या (पत्रा ठोकून नक्षी उठवण्याच्या) राळेत उन्हाळ्यात विटेची पूड वाढवा आणि तेल कमी करा. हिवाळ्यात उलट. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी मेणावर बारीक शिरा कोरायचा हट्ट धरू नका.

बिया दागिन्यात वापरता येतात का?

सागरगोटा उत्तम, कठीण आणि राखाडी चमकदार. रिठ्याचं काळं बीही टिकतं. भोक पाडताना दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडा, नाहीतर बाहेर निघताना टवका उडतो. गुंज दिसायला मोहक, पण तिच्यात ॲब्रिन नावाचं जहाल विष आहे. भोक पाडताना उडणारी धूळही धोक्याची. गुंजेचा दागिना करूच नये असं स्पष्ट मत आहे, मुलांसाठी तर अजिबात नाही. बिब्ब्याच्या तेलाने कातडी उतते, तो कितीही वाळला असं वाटलं तरी नको. बाकी बिया महिनाभर वाळवून मगच वापरा, नाहीतर आतून कीड निघते.

बाजारातला निळा-गुलाबी अकीक खरा असतो का?

दगड खरा, रंग बहुधा घातलेला. अकीक सच्छिद्र असतो म्हणून रंग पितो. भडक निळा, गुलाबी, जांभळा दिसला की रंगवलेलाच समजा. ॲसिटोनचा बोळा घासून पाहा, आणि भेगांत रंग दाट झालाय का बघा. विकताना ‘रंगवलेला’ असं लिहून द्या. अकीक म्हणून काच दिली असेल तर तिच्यात गोल बुडबुडे दिसतात आणि ती हाताला अकीकाइतकी गार लागत नाही.

राशीचा खडा म्हणून विकला तर?

खडा कोणता, कुठला, रंगवलेला की नाही, एवढंच सांगा. फळ सांगू नका. गिऱ्हाईक खड्याला बोट लागावं म्हणून खालून उघडं कोंदण मागतं, तेव्हा पत्र्याला आतून ३ मिमीची कड ठेवून मधला भाग कापा. त्यापेक्षा अरुंद कड दाबाने वाकते.

एका पेंडंटला चांदी किती लागते आणि किंमत कशी लावावी?

वरच्या १८ × १३ च्या खड्याला पट्टी अर्धा ग्रॅम, २० × १५ चा अंडाकृती ०.६ मिमी पत्रा दीड ग्रॅम, कडी आणि झाळ मिळून साधारण एक ग्रॅम. तयार वजन तीन ग्रॅमच्या आसपास. पण पत्रा चौकोनी घ्यावा लागतो, म्हणून हातात साडेचार-पाच ग्रॅम लागते. उरलेली कात्रणं आणि कानशीचा कीस वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. किसात लोखंडाचे कण असतात, आटवण्याआधी लोहचुंबक फिरवा.

किंमतीत चांदी, घट, खडा, मजुरी आणि जीएसटी लागू असेल तर तो वेगवेगळा दाखवा. खड्याचं वजन चांदीच्या भावात कधीही धरू नका. गावोगावी लोकांचा विश्वास नेमका इथेच तुटतो. वजन खडा बसवण्याआधी करा आणि पावतीवर लिहा.

काळा पडलेला दागिना कसा साफ करायचा?

रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश. धुतल्यावर कोंदणाच्या कडेने पाणी निघून जाईल असा पालथा ठेवून वाळवा. टूथपेस्टने ओरखडे पडतात. सोडा आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलची युक्ती साध्या चांदीला चालते. मोती, फिरोजा आणि मुद्दाम काळ्या केलेल्या नक्षीला नाही, ती नक्षी पुसून जाते. तशी गेली असेल तर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून दागिन्यासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा, बलकातल्या गंधकाने चांदी पुन्हा काळी होते. मग फक्त उंच भाग ओपून घ्या. खडा सच्छिद्र असेल तर हे करू नका.

ठेवताना दागिना रबरबँडने बांधू नका, रबरात गंधक असतं. पावसाळ्यात झिपच्या पिशवीत खडूचा तुकडा टाकून ठेवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी खडा नखाने हलवून बघा. टिकटिक आवाज आला तर घालणं थांबवा आणि कोंदण दाबून घ्या.